सोनोरन वाळवंटात आठ दिवस : बागा, साग्वारो आणि जुनी माणसं

चिंचपेटी

मार्चच्या शेवटी आम्ही दोघं ॲरिझोनाला जाऊन आलो. फिनिक्स आणि टूसॉन, बस्स. ग्रँड कॅन्यन नाही, सेडोना नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली "एवढं जाऊन कॅन्यन नाही बघितलं?" असं कुणी विचारणार नाही. (विचारणारच आहात, माहितीये.)

सहल ठरली ती माणसांसाठी. फिनिक्सला नवऱ्याचा हॉस्टेलचा रूममेट, टूसॉनला माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोघांना भेटून अकरा वर्षं झालेली. दर दिवाळीला फोनवर "या हो एकदा", "येतो येतो", की पुढच्या दिवाळीपर्यंत निवांत. या वर्षी मात्र रूममेटच्या बायकोचा फोन वेगळाच होता. "भावजी, ह्यांना फोनवर आता नीट ऐकू येत नाही. कानात मशीन आहे, पण फोनचा आवाज पोचत नाही. म्हणून हे बोलायचंच टाळतात. तुम्हीच या ना." त्याच रात्री तिकिटं काढली. शिकागोत अजून बर्फ होतं, त्यामुळे मला फारसं पटवावं लागलं नाही.

पहिली संध्याकाळ वाया गेली. आम्ही हौसेने चौघांना बाहेर जेवायला घेऊन गेलो. वर संगीत, बाजूला कुणाचा तरी वाढदिवस, ताटल्यांचा खणखणाट. हा उत्साहाने हॉस्टेलच्या मेसचे किस्से सांगतोय आणि मित्र सगळ्याला हसून मान डोलावतोय. एकदा ह्याने विचारलं, "आई कधी गेल्या रे तुझ्या?" त्यालाही तो तसाच हसला. ह्याचा चेहरा बघवेना. घरी परतताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री वहिनी मला हळूच म्हणाल्या, "उद्या सकाळी बागेत जाऊ. तिथे हे बोलतात."

बाग म्हणजे फिनिक्सचं डेझर्ट बोटॅनिकल गार्डन. १९३९ साली सुरू झालेली, १४० एकरांची, पापागो पार्कच्या लालसर बोडक्या टेकड्यांच्या कुशीत. फाटकापाशीच हिरवे टोकदार काचेचे मनोरे आहेत, डेल चिहुली या काचकलावंताने केलेले. लांबून मला ती घायपातच वाटली. जवळ गेले तर काच! आणि आत शिरल्यावर खरी घायपात काचेची वाटायला लागली.

आम्ही सकाळी आठला पोचलो. उन्हं तिरपी असतात तेव्हा चोया नावाच्या निवडुंगाचे काटे मागून उजळतात आणि प्रत्येक झाडाभोवती चांदीची कड दिसते. नऊनंतर ती गंमत संपते, तेव्हा जाणार असाल तर सकाळची झोप सोडा. वाटा रुंद, सपाट, आणि दर थोड्या अंतरावर बाक. वहिनींचं म्हणणं लगेच पटलं. एका बाकावर दोघं मित्र बसले. वर पालो व्हर्देचं झाड. याचं खोडसुद्धा हिरवं असतं. पानं इतकी बारकी, की अन्न बनवायचं बरंचसं काम सालीलाच करावं लागतं. आजूबाजूला शांतता. हा मित्राच्या बऱ्या कानाच्या बाजूला सरकून बसला आणि कालचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला. या वेळी उत्तर मिळालं. बराच वेळ मिळत होतं.

आम्ही दोघी पुढे गेलो. परत आलो तर वेगळाच तमाशा. तिथे गॅम्बेल्स क्वेल नावाचा, डोक्यावर तुरा मिरवणारा लावा पक्षी असतो. त्याची हाक थेट "शि-का-गो-गो" अशी ऐकू येते. मित्राला ती येत नव्हती. म्हणून माझा बासष्ट वर्षांचा नवरा बाकावर उभा राहून दोन्ही हातांनी डोक्यावर तुरा करून "शिकागोगो, शिकागोगो" ओरडत होता. एक आजी थांबून बघत होत्या. मित्र डोळे पुसत होता, हसून की कसं ते मी विचारलं नाही.

मग पुढचे तीन दिवस हेच. हॉटेलं बाद, बागा चालू. गावातली जपानी बाग छोटीशी, साडेतीन एकरांची. नाव रो हो एन. रो म्हणजे बगळा, हो म्हणजे फिनिक्स पक्षी, एन म्हणजे बाग. जपानचं हिमेजी हे फिनिक्सचं भगिनी-शहर, त्या दोघांनी मिळून केलेली. कोई मासे, धबधबा वगैरे. छान आहे, पण खरं सांगू, वाळवंटात जाऊन मला पाण्याची बाग बघायची नव्हती. पापागो पार्कमध्ये ॲरिझोनाच्या पहिल्या गव्हर्नरची, जॉर्ज हंट यांची समाधी आहे: पांढराशुभ्र पिरॅमिड! टेकडीवरून खाली प्राणिसंग्रहालय दिसतं. मित्र म्हणाला, "सेवानिवृत्तीनंतर माणसाने एवढी तरी जागा अडवावी."

टूसॉनचं उद्या लिहिते. हात दुखले.

भटकभवानी

पुढच्या भागाची प्रतीक्षा. आणि एवढं जाऊन ग्रँड कॅन्यन नाही बघितलं? 😀

खडीसाखर

"बाकावर उभा राहून तुरा" हे डोळ्यासमोर आलं. आमच्या सासऱ्यांना ऐकू कमी येतं, आणि आम्ही दर वेळी त्यांना गोंगाटाच्या हॉटेलात नेऊन वर "बाबा बोलत का नाहीत" म्हणतो. हे डोक्यातच आलं नव्हतं.

प्रश्न: व्हीलचेअर चालेल का तिथे?

चिंचपेटी

@खडीसाखर, फिनिक्सच्या बागेत मुख्य वाटा पक्क्या आहेत, आम्ही दोन-तीन व्हीलचेअर बघितल्या. आणि बसताना त्यांच्या समोर नको, बऱ्या कानाच्या बाजूला बसा, पण चेहरा दिसू द्या. हे वहिनींनी शिकवलं.

@भटकभवानी, वाट बघतच होते.

काटेकोर

लेख छान. नावाला जागून एक दुरुस्ती सुचवतो. तुम्ही नाही केलंत, पण पुढे प्रतिसादांत होणारच: काटा दिसला की निवडुंग म्हणायचं. घायपात निवडुंग नाही. ओकोटियो नावाचं छड्यांसारखं झुडूप तिथे दिसलं असेल, तेही नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावर असतो तो तिधारी निवडुंग, तोही कॅक्टस कुळातला नाही. तोडला की पांढरा चीक येतो, तो युफोर्बिया. खरा कॅक्टस ओळखायची खूण म्हणजे काटे एका बारीक लवदार उशीतून फुटतात. फड्या निवडुंग मात्र अस्सल कॅक्टस, आणि तो मूळचा आपला नाहीच, अमेरिका खंडातून आलेला. एक अपवाद सोडला तर कॅक्टसचं सगळं कूळच तिकडचं.

आणि गंमत: गच्चीतल्या कुंडीत रात्री फुलणारं, ज्याची आपण शेजाऱ्यांना बोलावून पूजा करतो ते "ब्रह्मकमळ", तोही कॅक्टस. एपिफायलम. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

खडीसाखर

काटेकोर, माझ्या आईला हे सांगू नका. तिने गेल्या वर्षी त्याला हळदकुंकू वाहिलंय.

काटेकोर

वाहू द्या की. कॅक्टसला चालतं.

चिंचपेटी

भाग दुसरा, टूसॉन.

फिनिक्सहून टूसॉनला सरळ आय-१० ने गेलं तर दोन तासांच्या आत पोचता. आम्ही मुद्दाम वाकडी वाट धरली: हायवे ६० ने सुपीरियर, तिथून खाणींच्या मुलखातून विंकलमन, ओरॅकल आणि मग टूसॉन. सुपीरियरजवळ बॉइस थॉम्पसन आर्बोरेटम आहे. तांब्याच्या खाणीत गडगंज झालेल्या एका माणसाने १९२० च्या दशकात उभी केलेली बाग. मागे पिकेटपोस्ट डोंगराची उभी भिंत. जगभरच्या वाळवंटांतली झाडं इथे आहेत, ऑस्ट्रेलियाचा एक अवाढव्य निलगिरी तर कवेत घ्यायला चौघं लागतील. मला ही बाग फिनिक्सपेक्षा जास्त आवडली, कारण कमी नटलेली आहे. ह्याला नाही आवडली, कारण चढ आहे.

टूसॉनची मैत्रीण एकटी असते. तिचे यजमान जाऊन चार वर्षं झाली. मला धाकधूक होती, घर कसं असेल, काय बोलू. दार उघडल्याबरोबर ती म्हणाली, "बूट काढू नकोस, परत निघायचंय, ऊन उतरायच्या आत." एका झाडांच्या संस्थेत ती लोकांना फिरवून माहिती सांगायचं काम करते, विनामोबदला. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला बेडूक बघून ओरडणारी मुलगी ही!

साग्वारो नॅशनल पार्कचे दोन भाग आहेत, शहराच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक, मध्ये अख्खं टूसॉन. १९३३ पासून पूर्वेचा भाग राखीव आहे, नॅशनल पार्क झालं १९९४ साली. गाडीचे २५ डॉलर, ते दोन्ही भागांना सात दिवस चालतात. अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले असाल आणि ६२ पूर्ण असतील तर ज्येष्ठांचा आजन्म पास ८० डॉलरला मिळतो. ह्याने तो काढला आणि दिवसभर मिरवला. (उच्चार "सावारो"च्या जवळचा आहे बरं का. आपण साग्वारो म्हटलं की मैत्रीण भुवया उडवते.)

पूर्वेकडे आठ मैलांचा गाडीरस्ता आहे, त्यावर जागोजागी थांबत गेलो. तिने मला एका पालो व्हर्देच्या बुंध्याशी उकिडवं बसवलं. "शोध." मला माती आणि काटक्याच दिसत होत्या. मग तिने गवताच्या काडीने दाखवलं: अंगठ्याच्या पेराएवढा, काटेरी, हिरवा मणी. पिल्लू साग्वारो! पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. ऊन आणि थंडी लागू नये म्हणून अशा झाडाच्या सावलीत जगतो. म्हणून पालो व्हर्देला दाई-झाड म्हणतात. पस्तीसेक वर्षांचा झाला की पहिलं फूल धरतो. हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. दीडशेच्या पुढेही जगतो. आमच्या लग्नाला ३६ वर्षं झाली. ह्याला म्हटलं, म्हणजे आत्ता कुठे कळी आली. हा म्हणाला, "काटे मात्र पहिल्या दिवसापासून."

याची शिक्षा त्याला दहा मिनिटांत मिळाली. फोटोसाठी दोन पावलं मागे सरकला आणि एकदम बोंबलला. पोटरीला चोयाचा लिंबाएवढा गोळा चिकटलेला. याला तिथे "उड्या मारणारा चोया" म्हणतात. उडत नाही, पण त्याच्या फांदीचे तुकडे इतके सहज सुटतात आणि काट्यांना उलटे सूक्ष्म आकडे असतात, की नुसता स्पर्श झाला तरी तो तुमच्यासोबत येतो. मी हाताने काढायला गेले, तेवढ्यात मैत्रीण ओरडली, "हात लावू नकोस, हाताला लागेल!" तिने पिशवीतून साधी केसांची फणी काढली, गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली आणि एका झटक्यात उडवला. तो चार हात लांब जाऊन पडला. उरलेले अकरा काटे चिमट्याने. मी मोजले. तिच्या पिशवीत फणी आणि चिमटा कायम असतो. "नवरे आणि कुत्री," ती म्हणाली, "दोघांनाही लागतो." मग क्षणभर कुणीच काही बोललं नाही, आणि तीच पहिल्यांदा हसली.

पश्चिमेच्या भागात सिग्नल हिल नावाची छोटी टेकडी आहे, दगडांवर होहोकम लोकांनी, म्हणजे इथल्या प्राचीन रहिवाशांनी, कोरलेली चक्रं आणि प्राणी. चढ अगदी थोडा. जवळच ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम, १९५२ पासूनचं. म्युझियम म्हणजे नुसतं नाव. बहुतेक सगळं उघड्यावर, बाग आणि प्राणिसंग्रहालय एकत्र. थंडीच्या मोसमात तिथे हॅरिस ससाणे मोकळे उडवून दाखवतात, तुमच्या डोक्यावरून वीतभर अंतरावरून जातात. हे ससाणे लांडग्यांसारखे टोळीने शिकार करतात. अर्धा दिवस ठेवा, आणि टोपी घट्ट धरा.

शेवटच्या संध्याकाळी टोहोनो चुल या बागेत गेलो. टोहोनो ओओधम या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत अर्थ "वाळवंटाचा कोपरा". ४९ एकर, भोवती सगळी वस्ती, पण आत गेल्यावर कळत नाही. तिथे मैत्रिणीने क्रियोसोटच्या झुडपाची दोन-चार पानं माझ्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाली, "त्यावर तोंडाने वाफ सोड, मग हुंग." हुंगलं. पहिला पाऊस! अगदी तोच नाही, जरा डांबराकडे झुकलेला, पण पाऊसच. वाळवंटात पाऊस पडला की सगळीकडे हाच वास असतो, म्हणे. तिने सांगितलं, ते गेले त्या जुलैत पहिली सर आली तेव्हा ती रात्री अंगणात जाऊन उभी राहिली होती. अकरा वर्षांत फोनवर तिने हे मला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच म्हणा त्यात.

टूसॉनची_तुळस

आमच्या गावाबद्दल इतकं प्रेमाने लिहिलंत, बरं वाटलं. फणीचा किस्सा इथल्या प्रत्येक घरात आहे.

थोडी भर. टोहोनो चुलमध्येच उन्हाळ्यात एक रात्र असते. वर्षभर वाळक्या काडीसारखा दिसणारा एक निवडुंग आहे, जमिनीखाली कंद. बहुतेक फुलं एकाच रात्री उमलतात आणि सकाळी मिटतात. नक्की रात्र आधी कळत नाही, कळ्या मोजत बसतात आणि अंदाज आला की लोकांना कळवतात. काटेकोर यांचं ब्रह्मकमळ आठवलं. इथे पूजा नाही करत, पण रांग तशीच लागते.

साग्वारोची फुलंही रात्रीच उघडतात, दुसऱ्या दुपारी मिटतात. वटवाघळं, कबुतरं, मधमाश्या सगळे येतात. जूनमध्ये फळं पिकली की टोहोनो ओओधम बायका वाळलेल्या साग्वारोच्याच फासळ्यांची लांब काठी करून ती पाडतात. त्यांचं नवं वर्ष तेव्हा सुरू होतं, पावसाच्या तोंडावर.

प्रवासी_पक्षी

आमच्या मुलांना सुट्टी जूनमध्येच. जून-जुलैत फिनिक्स केलं तर चालेल का? पहाटे उठायची तयारी आहे.

टूसॉनची_तुळस

@प्रवासी_पक्षी, स्पष्ट सांगते, नका करू. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस किंवा त्याच्या वर जात होता. रात्रीसुद्धा ३२-३३. साग्वारोचे हात गळून पडत होते. कारण काटेकोर जास्त नीट सांगतील.

काटेकोर

कॅक्टस दिवसा पाणी उडू नये म्हणून रंध्रं बंद ठेवतात. रात्री हवा गार झाली की उघडतात, तेव्हाच कार्बन डायऑक्साइड आत घेतात. रात्र गारच झाली नाही तर त्यांना श्वासच घेता येत नाही, असं ढोबळमानाने म्हणा. त्यांना दिवसाच्या उन्हापेक्षा तापलेली रात्र जास्त मारते. शहरात काँक्रीटमुळे रात्री आणखी गरम.

टूसॉनची_तुळस

तरी यायचंच असेल तर टूसॉनला उतरा आणि माउंट लेमनवर जा. खालचे साग्वारो बघत निघता आणि तासाभरात पाइनच्या जंगलात पोचता. माथा नऊ हजार फुटांच्या वर, खालच्यापेक्षा वीस-तीस अंश फॅरनहाइट तरी गार. गाडीत पाणी माणशी चार लिटर ठेवा, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला आय-१० वर धुळीची भिंत येताना दिसली तर रस्ता सोडून पूर्ण बाजूला थांबा, दिवे बंद, ब्रेकवरून पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा गाडीवाला तुमच्या मागोमाग येतो आणि धडकतो.

भटकभवानी

अवांतर: पाम स्प्रिंग्ज किंवा जोशुआ ट्री यापेक्षा हे बरं की ते? आम्ही कॅलिफोर्नियाच्या बाजूने येऊ.

चिंचपेटी

@भटकभवानी, जोशुआ ट्रीला आम्ही खूप पूर्वी गेलो होतो. खडक आणि आकाश तिथलं भारी. पण तिथे साग्वारो नाहीत, आणि माझी मैत्रीण पण नाही. त्यामुळे माझं मत घेऊ नका.

@प्रवासी_पक्षी, वेळेचा एक घोळ मात्र लक्षात ठेवा. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत (नावाहो लोकांचा प्रदेश सोडून). आमच्या मुलीने शिकागोहून सकाळी सातला फोन केला, तिच्या हिशेबाने आमच्याकडे सहा. होते पाच. वहिनी घाबरून उठल्या.

परत येताना कूलिजला कासा ग्रांदे बघितलं, तेवढं राहिलं लिहायचं. साधारण १३५० च्या सुमाराचं चार मजली मातीचं घर, होहोकम लोकांनी बांधलेलं, १८९२ साली सरकारने राखून ठेवलेलं. वर लोखंडी छत उभारलंय ते १९३२ चं. छत दिसायला कुरूप आहे, पण त्याच्यामुळेच घर उभं आहे. होहोकमांचे कालवे शेकडो मैल होते. त्यांच्याच जुन्या कालव्यांच्या जागी नवं गाव वसलं म्हणून त्याचं नाव फिनिक्स ठेवलं. पिकाचोच्या डोंगरापाशी पिवळ्या खसखशीची फुलं बघायला थांबलो होतो, पण यंदा तुरळकच. आदल्या हिवाळ्यात पाऊस कमी झाला की असंच होतं.

नुसताच_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. त्या मित्राचं पुढे काय? फोन होतात का आता?

चिंचपेटी

@नुसताच_वाचक, फोन नाही, व्हिडिओ कॉल. त्याच्या मुलाने स्क्रीनखाली शब्द उमटतील अशी सोय करून दिली. मराठी बोललं की ते शब्द भलतेच उमटतात, ह्याने "काय म्हणतोस" म्हटलं की तिकडे "काय मंतरतोस" दिसतं. त्यावरच अर्धा वेळ हसण्यात जातो.

परवा रात्री आमच्याकडे साडेनऊ वाजले होते, तिकडे साडेसात. ह्याने फोन उचलला तर समोर मित्र नाहीच, अंगणातला बाक दिसतोय. मग खालून हळूहळू दोन हात वर आले, तुऱ्यासारखे.

भटकभवानी

आता फोटो टाका. बाकावरचा. तुमच्या नवऱ्याचा.

चिंचपेटी

तो मला घटस्फोट देईल. चोयाचा टाकते.